समुद्र, हवा आणि काळी माती एका जुवाखाली

वर्ध्याजवळ पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून धाम नदी वाहते. जुलैत तीन-चार दिवसांची झड लागली की तिचे पाणी गढूळ होऊन दगडी पात्रभर पसरते. हे पाणी वणा नदीवाटे वर्धा नदीत जाते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. शाळेच्या भूगोलात धडा इथे संपतो. पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांच्या लेखी मात्र ही अर्धीच गोष्ट झाली.

नदीचे पाणी गोडे, म्हणून हलके. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते लगेच मिसळत नाही, वरच राहते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी आणि वरून पडणारा पाऊस असे सगळे मिळून उपसागराच्या उत्तर भागावर गोड्या पाण्याची पातळ साय धरतात. पातळ असल्यामुळे ती उन्हाने लवकर तापते आणि खालचे थंड पाणी वर येऊ देत नाही. तापलेल्या पाण्यावर ढग जमतात, कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ती ओडिशा-छत्तीसगड ओलांडून काही दिवसांत विदर्भावर येतात. वर्ध्याची झड बहुतेक वेळा याच वाटेने येते. थेंब तोच असतो असे कोणी म्हणणार नाही, पण धामेचे पाणी समुद्र आणि हवा असा फेरा मारून पुन्हा सेलू-देवळीच्या वावरात उतरू शकते.

हा फेरा संगणकात बसवण्याची खटपट गेली साडेपाच दशके चालू आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, अशा गणिताला 'कपल्ड मॉडेल' म्हणतात. मराठीत 'संयुग्मित प्रतिमान' असा शब्द करता येतो, पण तो बोलताना कोणाच्या तोंडून ऐकला नाही. या मॉडेलांवर लिहिणारे बहुधा संगणक किती मोठा आणि चौकट किती बारीक यावर भर देतात. मला वाटते, खरी अडचण सांध्यांत आहे: समुद्र आणि हवा यांच्यातला एक सांधा, जमीन आणि हवा यांच्यातला दुसरा, नदी आणि समुद्र यांच्यातला तिसरा. यांपैकी पहिल्यावर बरेच काम झाले. उरलेले दोन, जे वर्ध्याच्या मातीतून जातात, ते अजून कच्चे आहेत.

आधी हा सांधा म्हणजे काय ते पाहू. वातावरणाचे मॉडेल हवामानशास्त्रज्ञांनी लिहिले, महासागराचे समुद्रशास्त्रज्ञांनी, जमिनीचे आणखी तिसऱ्यांनी. प्रत्येकाची चौकट वेगळी, चाल वेगळी. हवा मिनिटामिनिटाला बदलते, तर खोल समुद्राला कूस बदलायला शतके लागतात. उधळणारा गोऱ्हा आणि पाय ओढत चालणारा म्हातारा बैल एका जुवाला जुंपावा तसा हा प्रकार. हे जू म्हणजे 'कपलर' नावाचा स्वतंत्र प्रोग्राम. ठरलेल्या अंतराने तो समुद्राकडून पृष्ठभागाचे तापमान घेऊन हवेला देतो आणि हवेकडून ऊन, पाऊस, बाष्पीभवन आणि वाऱ्याचा रेटा घेऊन समुद्राला देतो. हिशेब काटेकोर लागतो. हवेच्या खात्यात जे नावे पडले ते समुद्राच्या किंवा जमिनीच्या खात्यात जमा झालेच पाहिजे. किनाऱ्यावर हवेची एक चौकट अर्धी जमिनीवर आणि अर्धी पाण्यावर पडते, तिथे वाटणी करावी लागते. हिशेबात रोज कणभर चूक राहिली तरी शंभर वर्षांच्या गणितात अख्खा समुद्र थंड पडतो. फ्रान्समधील तुलूझ इथे 'ओॲसिस' नावाचा कपलर १९९१ पासून घडवला जातो आहे आणि अनेक देश तो वापरतात. एका जोडकामावर इतकी वर्षे जातात, यातच त्याची अवघडता दिसते.

जोडण्याची गरज का पडली, याची आपल्याकडची कथा मराठी वाचकाला जवळची आहे.

भारतात मोसमी पावसाचे अंदाज १८८० च्या दशकात सुरू झाले. हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधत. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी पालथ्या घातल्या आणि पॅसिफिकच्या दोन टोकांमधला दाबाचा झोका हुडकला. आज एल निनोबद्दल बोलताना तोच झोका म्हणजे अर्धी कथा असते. १९८८ मध्ये पुण्याचे वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांचे सोळा घटकांचे सांख्यिकी मॉडेल आले. आधीच्या महिन्यांतले तापमान, दाब, वारे, बर्फ यांच्याशी पावसाचे जुने नाते शोधायचे आणि त्यावरून पुढचे सांगायचे, अशी त्याची रीत. चौदाएक वर्षे ते बरे चालले, कारण देशाचा पाऊसही त्या काळात सरासरीच्या आसपासच राहिला. २००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्के. प्रत्यक्षात पाऊस १९ टक्के कमी पडला, आणि एकट्या जुलैत तर सरासरीच्या जवळजवळ निम्माच. त्या जुलैचा उघाड मध्य भारतातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या आठवणीतून अजून गेलेला नाही. पुढच्याच वर्षी सोळा घटकांचे मॉडेल बाजूला ठेवण्यात आले.

गोवारीकरांना यात दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. सांख्यिकी मॉडेल हे शेजाऱ्याच्या सवयी पाहून तो कधी बाहेर पडेल ते सांगण्यासारखे असते. सवय मोडली की अंदाजही मोडतो. त्याच २००२ मध्ये जगातल्या मोठमोठ्या संगणकी मॉडेलांनाही भारतातला दुष्काळ दिसला नव्हता, हे विसरले जाते.

नाते जुने असले तरी ते कशामुळे आहे हे कळले पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांत एक नाव सुलोचना गाडगीळ यांचे. त्या मूळच्या पुण्याच्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्यभर मान्सूनवर काम केले, आणि २०२५ च्या जुलैत त्या गेल्या. १९८४ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह त्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. मान्सूनच्या प्रदेशात समुद्र आणि हवा कशी जोडलेली आहेत, हाच त्याचा विषय. निष्कर्ष असा की समुद्राचा पृष्ठभाग साधारण २८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उंच, पाऊस पाडणारे ढग क्वचितच जमतात. त्या पायरीच्या वर गेला की आणखी किती तापला याने फारसे बिघडत नाही. ढग येतील की नाही ते इतर गोष्टी ठरवतात. आमच्या किनाऱ्यांभोवतीचा समुद्र मान्सूनच्या काळात नेमका याच पायरीच्या आसपास असतो. मॉडेलमधला समुद्र अर्ध्या-एक अंशाने थंड निघाला, तर ढग उंबरठ्यावरूनच परत जातात. पुढे भारताने निवडलेल्या मॉडेलात हेच दुखणे निघाले.

समुद्र आणि हवा पहिल्यांदा एका गणितात आणली ती अमेरिकेत, प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत, स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये. त्यांची पृथ्वी खरी नव्हती. अर्धी जमीन, अर्धा समुद्र, असा एक कापलेला तुकडा. हवेचे एक वर्ष आणि समुद्राची शंभर वर्षे असा बेहिशेबी मेळ त्यांना घालावा लागला, कारण दोन्ही बरोबर चालवण्याइतका संगणकच नव्हता. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हवामानशास्त्राला तो मान मिळायला पन्नास वर्षे लागली, हे जाता जाता.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे जोडलेली मॉडेले वाहवत जात. हवा एकटी असताना ठीक, समुद्र एकटा असताना ठीक, एकत्र आणली की दोघांच्या छोट्या चुका एकमेकींना खतपाणी घालत. उपाय म्हणून शास्त्रज्ञ सांध्यात ठिगळ लावत: समुद्र अमुक इतका थंड होतो आहे, तर दर वेळी तेवढी उष्णता बाहेरून ओतायची. याला 'फ्लक्स करेक्शन' असे भारदस्त नाव होते. वाण्याने रोज संध्याकाळी गल्ला जुळत नाही म्हणून खिशातले पैसे टाकावेत आणि मग हिशेब बरोबर असल्याचे सांगावे, तसलाच हा उद्योग. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या हॅडली केंद्राच्या मॉडेलने हे ठिगळ टाकून दिले आणि पुढे इतरांनीही.

मान्सूनसाठी जोडणी अटळ आहे, हे मात्र २००५ मध्ये ठसठशीतपणे पुढे आले. तोवर बऱ्याच संस्था दोन टप्प्यांत काम करत. आधी समुद्राचे तापमान ठरवायचे, मग ते हवेच्या मॉडेलला आयते द्यायचे. जूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये मांडलेला विचार त्याला आधाराला होता. उष्ण कटिबंधात रोजची हवा लहरी असली तरी हंगामाची सरासरी समुद्र, मातीचा ओलावा, बर्फ अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टी ठरवतात, असे त्यांचे म्हणणे. बिन वांग आणि सहकाऱ्यांनी मात्र दाखवले की समुद्राचे खरे मोजलेले तापमान दिले तरी मॉडेले मान्सूनच्या भागात उलटे चित्र काढतात. त्यांच्यात समुद्र तापला की पाऊस वाढतो. प्रत्यक्षात ढग आले की ऊन अडते, वारा वाढतो आणि समुद्रच थंड होतो. समुद्र हवेला हाकतो तसा हवाही समुद्राला हाकते. एकाच बैलाच्या गळ्यात जू अडकवून नांगरट होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर्ध्याला याचा थेट संबंध आहे. जुलै-ऑगस्टमधली झड आणि तिच्या पाठोपाठ येणारा आठ-पंधरा दिवसांचा उघाड हे विषुववृत्ताकडून उत्तरेकडे सरकणाऱ्या एका लाटेचे चढउतार असतात. तिचा फेरा साधारण तीस ते साठ दिवसांचा. तिच्यात समुद्र आणि हवा आळीपाळीने एकमेकांना तापवत-थंडावत असतात, म्हणून ती जोडलेल्या मॉडेलात जास्त नीट दिसते. डवरणी आज करायची की थांबायचे, खताचा दुसरा हप्ता कधी द्यायचा, हे प्रश्न या लाटेवर उभे असतात. हंगामात एकूण पाऊस किती, याला दिल्लीत महत्त्व आहे. हिंगणघाटच्या सोयाबीनला मधल्या खंडाशी देणेघेणे असते.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये 'मान्सून मिशन' सुरू केले आणि हंगामी आणि दोन-चार आठवड्यांच्या अंदाजांसाठी अमेरिकेचे 'सीएफएस आवृत्ती २' हे जोडलेले मॉडेल घेतले. घरचे मॉडेल शून्यापासून उभे करण्याऐवजी परक्याचे घेऊन ते सुधारायचे, या निर्णयावर तेव्हा कुरकुर झाली. माझ्या मते तो शहाणपणाचा होता. शून्यापासूनच्या बांधकामात दहा वर्षे पायाच खणत बसलो असतो. घेतलेले मॉडेल भारतावर पाऊस फार कमी पाडत होते आणि त्याचे उष्ण कटिबंधातले समुद्र थंड होते. पुण्यातल्या मंडळींनी ढगांची गणिते बदलली, चौकट सुमारे शंभर किलोमीटरवरून ३८ किलोमीटरवर आणली. मागच्या वर्षांवर तपासताना देशाच्या एकूण हंगामी पावसाशी त्याच्या अंदाजाचा सहसंबंध अर्ध्याच्या किंचित वर जातो. ऐकायला हे कमी वाटेल; मान्सूनच्या बाबतीत ते पुष्कळ आहे. २०२१ पासून हवामान विभाग हंगामी अंदाजासाठी एकट्या मॉडेलवर विसंबत नाही, देशी-विदेशी अनेक जोडमॉडेलांचा मेळ घालतो.

हेच 'सीएफएस' मॉडेल घेऊन पी. स्वप्ना, आर. कृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'आयआयटीएम अर्थ सिस्टिम मॉडेल' मांडले. हंगामी अंदाजासाठी बनलेली यंत्रणा शतकाच्या प्रवासाला न्यायची तर आधी उष्णतेचा ताळेबंद जुळायला हवा होता. पृथ्वीवर येणारी आणि अवकाशात परत जाणारी उष्णता यांत मूळ मॉडेलात तफावत होती. चार-सहा महिन्यांच्या अंदाजात ती खपून जाते. शंभर वर्षांत समुद्र बिघडवते. ती दुरुस्त करून झालेली दुसरी आवृत्ती भारताचे पहिले मॉडेल म्हणून 'सीएमआयपी ६' या जागतिक तुलनेत उतरली आणि तिथली गणिते आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या सहाव्या अहवालासाठी उपलब्ध झाली. या मॉडेलची चौकट सुमारे दोनशे किलोमीटरची. अख्खा विदर्भ अडीच चौकटींत मावतो.

चौकटींचा हिशेब एकदा वर्ध्यापुरता करून पाहावा. जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर. शंभर किलोमीटरच्या चौकटीत आठही तालुके बसून वर यवतमाळचा तुकडा उरतो. म्हणजे आर्वीत आणि समुद्रपूरला मॉडेलच्या लेखी एकच हवा. ३८ किलोमीटरच्या चौकटीत जिल्ह्याला चार-साडेचार घरे मिळतात. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'ची चौकट सहा किलोमीटरची, म्हणजे जिल्ह्याला सुमारे १७५ घरे. ती 'अर्का' या महासंगणकावर चालते, ज्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी आकडेमोड. ही उडी मोठी आहे यात वाद नाही. पण ती मुख्यतः वातावरणाची आणि काही दिवसांच्या अंदाजाची यंत्रणा आहे. बातम्यांतून असा समज झाला की आता गावागावाचा पाऊस महिनाभर आधी कळणार. दोन-चार आठवड्यांच्या अंदाजाला समुद्राची जोड लागते, आणि तिथली घरे अजून मोठीच आहेत.

हा अंदाज वर्ध्यापर्यंत कसा येतो? हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतो. त्यावरून कृषी सल्ला बनतो आणि 'मेघदूत' ॲपवर किंवा मेसेजने जातो. २०२५ च्या मेमध्ये त्याची परीक्षा झाली. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, नोंदींतला मुंबईचा सर्वांत लवकरचा दिवस. रोहिणीतच पाणी पडले, वावरे भिजली, सरकीच्या पिशव्यांसाठी कृषी केंद्रांवर गर्दी झाली. त्याच वेळी पुढचे दोन आठवडे पाऊस ओसरणार असा अंदाज होता आणि कृषी विभाग पेरणीची घाई करू नका असे सांगत होता. मान्सून खरोखरच जूनच्या मध्यापर्यंत अडून बसला. जोडलेल्या मॉडेलांची उपयुक्तता मला दीर्घ सरासरीच्या टक्क्यांपेक्षा अशा दोन आठवड्यांत जास्त दिसते. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि नेमक्या याच टोकाला आपण कात्री लावली. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये बसून जिल्ह्याच्या भाषेत सल्ला लिहिणारी सुमारे दोनशे जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली. मॉडेलची चौकट बारीक करायला कोट्यवधी, आणि चौकटीचा अर्थ सांगणाऱ्या माणसाला पगार नाही. हाही एक सांधाच आहे, फक्त तो संगणकाबाहेरचा.

अलीकडे आणखी एक स्पर्धक आला. कृषी मंत्रालयाने २०२५ मध्ये तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांतून, त्यांत गुगलचे 'न्यूरलजीसीएम' एक, बनलेले होते. ही मॉडेले मागच्या दशकांच्या नोंदी पाहून हवेची चाल शिकतात, सगळी समीकरणे पायरीपायरीने सोडवत बसत नाहीत, म्हणून स्वस्त आणि जलद. गोवारीकरांच्या सोळा घटकांचा हा कोट्यवधी घटकांचा पणतू, असे म्हटले तर त्या क्षेत्रातले लोक चिडतील, पण नाते आहे. त्याला शिकवायला लागणारा जुन्या हवेचा नकाशा भौतिक मॉडेल आणि निरीक्षणे यांतूनच तयार होतो. आणि यांपैकी बहुतेकांना समुद्र आयता दिला जातो. २००५ मध्ये ज्या खड्ड्याबद्दल वांग यांनी सावध केले, त्याच्याच काठावर ही वाट जाते. आगमनाचा अंदाज चांगला आला म्हणून जोडणीचे काम थांबवावे, असे मला तरी वाटत नाही.

आता नदीकडे. जमिनीवर पाऊस पडला, थोडा मुरला, थोडा वाहिला. वाहिलेले पाणी मॉडेलात कुठे जाते? 'सीएफएस'मध्ये अनेक वर्षे ते कुठेच जात नव्हते. समुद्राला नद्यांचे पाणी वेगळ्या तक्त्यातून, बहुवर्षीय सरासरीने, महिन्याच्या महिन्याला मिळे. त्यामुळे २००२ च्या कोरड्या जुलैत आणि हिंगणघाट-समुद्रपुरात वणेचे पाणी चढले त्या २०२२ च्या जुलैत मॉडेलमधली गोदावरी सारखेच पाणी समुद्रात टाकत होती. ती साय जाड असो वा पातळ, हिशेबात एकच. आयआयटीएम आणि मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये या मॉडेलाला पाणी वाहून नेणारी नदी जोडून पाहिली, म्हणजे विदर्भात पडलेले पाणी खरोखर उपसागरात जाऊ लागले. त्याने समुद्राचे वरचे थर आणि मान्सून, दोन्हींत फरक पडतो असे दिसले. धरणे मात्र अजून बहुतेक जागतिक मॉडेलांना ठाऊक नाहीत. ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा, बोर यांत अडलेले पाणी संगणकातल्या नदीत विनाअडथळा वाहते.

आणि शेवटी माती, जिथे माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव आहे.

रँडल कोस्टर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बारा मॉडेले घेऊन प्रश्न केला: मातीच्या ओलाव्याचा पावसावर सर्वांत जास्त असर कुठे दिसतो? उत्तरात मोजकेच प्रदेश निघाले. अमेरिकेची मैदाने, आफ्रिकेतला साहेल, आणि भारत. कारण समजायला सोपे आहे. वाळवंटात माती कायम कोरडी, ती हवेला काय देणार? सदाहरित जंगलात ती कायम ओली, तिथे थोडे कमी-जास्त झाल्याने फरक पडत नाही. मधल्या प्रदेशात, जिथे वाफसा येतो आणि जातो, तिथे माती हवेशी बोलते. ओली असेल तर उन्हाची उष्णता बाष्प करण्यात जाते, हवा दमट आणि सौम्य राहते. सुकली की तीच उष्णता हवेला तापवते. ऑगस्टच्या उघाडात वर्ध्यात दुपारी जी चटका देणारी उष्णता जाणवते ती या देवघेवीतूनच येते. पण त्याच प्रयोगात बारा मॉडेले आपापसांत फार मतभेद दाखवत होती. सरासरी सांगते की भारत महत्त्वाचा. किती महत्त्वाचा, यावर एकमत नाही.

'सीएफएस'मधल्या जमिनीला चार थर आहेत: वरून खाली १०, ३०, ६० आणि १०० सेंटिमीटर, एकूण दोन मीटर. माती स्पंजासारखी, पाणी वरून हळूहळू खाली झिरपणारे. वर्ध्याची भारी काळी जमीन अशी वागत नाही. ती ओली झाली की फुगते आणि पाणी वर तुंबते. उन्हाळ्यात आकसून तडकते, आणि मृगाचे पहिले पाणी थर भिजवत न बसता भेगांतून सरळ खाली जाते. दुसरी गोष्ट पिकाची. या मॉडेलात कोणत्या महिन्यात जमीन किती हिरवी हे बहुवर्षीय सरासरीने आधीच ठरलेले असते. पेरणी लांबली, दुबार झाली, सोयाबीन पिवळे पडून मोडले, तरी संगणकातले शेत ठरल्या तारखेला हिरवे होते आणि ठरलेले बाष्प सोडते. पऱ्हाटी आहे की तूर, याची तर विचारणाच नाही.

तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या शेतातली. आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष यांच्या गटाने २०१९ मध्ये सिंचनाची खरी पद्धत मॉडेलात घालून पाहिली. उत्तरेतल्या भाताला भरमसाट पाणी दिले की सप्टेंबरचा पाऊस उपखंडाच्या वायव्येकडे सरकतो, आणि मध्य भारतातली अतिवृष्टीही सिंचनाच्या पद्धतीनुसार बदलते, असे त्यात निघाले. कापसाची बोंडे धरण्याच्या आणि सोयाबीन कापणीला येण्याच्या दिवसांत वर्ध्यावर काय पडते, याचा एक धागा पंजाबच्या पाटात असू शकतो. एका गटाचे, एका मॉडेलचे हे उत्तर आहे. पण प्रश्न खरा आहे, आणि जमिनीचा सांधा दुरुस्त असल्याशिवाय तो विचारताही येत नाही.

हे सुधारायचे तर आधी मातीचा ओलावा मोजायला हवा, आणि तिथे आपण गरीब आहोत. राज्यात 'महावेध' प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांतून पाऊस कळतो, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी ठरते, पंचनामे सुरू होतात. खाली दोन फुटांवर ओल किती हे कोणी विचारत नाही. उपग्रह वरचे पाचेक सेंटिमीटर पाहतात. आयआयटीएमने पुण्यातल्या आवारात अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तयार होणारे न्यूट्रॉन मोजून आजूबाजूच्या काहीशे मीटरची ओल सांगणारे यंत्र बसवले आहे. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या सिलखेड्याला मान्सूनच्या गाभ्यातली खुली प्रयोगशाळा उभारली आहे, जिथे माती, हवा आणि ढग एकाच ठिकाणी मोजता यावेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला 'निसार' उपग्रह आपल्या दोन रडारांनी शेताच्या मापाने ओलावा दाखवेल अशी आशा आहे.

विदर्भातल्या काळ्या मातीत अशी कायमची नोंद घेणारी दहा-बारा ठिकाणे असली, भारी, मध्यम आणि हलक्या जमिनीत वेगवेगळी, तरी जमिनीचे गणित लिहिणाऱ्याला हाताशी काहीतरी येईल. त्याचा खर्च महासंगणकाच्या वीजबिलापुढे किरकोळ ठरेल. तोवर मेच्या अखेरीस देवळीच्या कोणत्याही कोरडवाहू वावरात हाताचा पंजा सहज जाईल एवढी भेग पडलेली असते, आणि मॉडेलच्या चार थरांत तिला कुठेच जागा नसते.